मातीनं खाल्लेलं पागोटं

बसा, पुढं सरका. घोरपडवाडीत वीज यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा ठकूबाई नावाची एक विधवा होती, आणि तिच्या उकिरड्याला अख्खा गाव नाक मुरडायचा. कारण गावात पांढरं खत आलं होतं. मिठासारखं दिसायचं, मूठभर फेकलं की ज्वारी माणसाच्या डोक्यावर जायची. मग शेणाच्या पाट्या वाहतंय कोण? लोकांनी उकिरडे पेटवून दिले.

ठकूबाईचा एकुलता लेक दगडू सगळ्यांच्या पुढं. वाटणीच्या वावरात त्यानं शेणाचा पो पडू दिला नाही, नुसतं पांढरं टाकलं. काही वर्षं पीक डोललं, मग जमीन विटेसारखी आवळली. तरी गडी शहाणा होईना. उलट आईच्या वावरावर त्याचा डोळा.

"आये, यंदा तुझ्या वावरातबी पोती रिकामी करतो. बास झाला तुझा उकिरडा."

ठकूबाईनं आपल्या वावराकडं पाहिलं. साऱ्या शिवारात जिती राहिलेली तेवढीच जमीन होती. ती म्हणाली, "टाक. पण आधी तुझ्या बापालाच इचारू, कुठली माती खरी." आणि पेटीतलं नवऱ्याचं पागोटं काढून तिनं टर्रकन फाडलं! अरारा, गाव हादरला. बापाचं पागोटं म्हणजे घराची अब्रू. अर्धं तिनं लेकाच्या वावरात पुरलं, अर्धं आपल्या. नवरात्रात घटाची माती आणतात, त्या दिवशी उकरायचं ठरलं. पावसाळाभर तिला घास गोड लागला नाही.

त्या दिवशी गाव बांधावर लोटला. दगडूच्या खड्ड्यातलं पागोटं जसंच्या तसं निघालं, परटाकडून आल्यागत. ठकूबाईच्या खड्ड्यात चार धागे आणि काळी माती.

"दगडूच्या मातीनं बापाची अब्रू राखली!" गाव ओरडला. "थेरडीनं कुजवली!" तिच्या वावरात ओतायला पोत्यांची तोंडं सुटलीसुद्धा.

ठकूबाई आपल्या वावरात आडवी पडली. "आरं मुडद्यांनो, जी माती फडकं खात न्हाई ती तुमाला काय खाऊ घालंल? मातीत डोळ्याला न दिसणारी तोंडं असत्यात. पांढऱ्यानं पीक पोसलं, ती तोंडं उपाशी मेली. कान लाव, दगड्या!"

असं म्हणतात, दगडूनं रागारागानं तिच्या खड्ड्याला कान लावला, तर आत गोठ्यात गुरं रवंथ करतात तसला आवाज चाललेला. तो आपल्या वावरात धावला, पालथा पडला. तिथं काहीच नव्हतं. नुसती मसणातली शांतता.

"आये गं!" तो ओरडला.

ठकूबाई उठून त्याच्याकडं गेली. त्याच्या खड्ड्यात तिनं शेण घातलं, वर आपल्या वावराची मूठभर माती टाकली, दुधाला विरजण लावावं तशी. पागोटं पुन्हा पुरलं. दगडूनं शपथ घेतली, माती हे खाईपर्यंत डोक्याला काही बांधणार नाही.

पुढल्या नवरात्रात पागोटं तसंच. त्याच्या पुढल्या साली फक्त कडा कुरतडलेल्या. शेणाच्या पाट्या वाहता वाहता ठकूबाई गेली, बिचारीला बघायला मिळालं नाही. असं म्हणतात, ती गेली त्याच साली दगडूनं उकरलं आणि हाताला नुसती काळी, ओली माती लागली. ती कपाळाला लावून तो लेकरागत रडला, "आये, खाल्लं बघ!" शपथ फिटली, पण बांधायला बापाचं पागोटं उरलंच नाही, म्हणून दगडू जन्मभर बोडकाच राहिला. पण त्याला कुणी हसलं नाही.

आजही घोरपडवाडीत पाऊस लागला की प्रत्येक वावरात सुती चिंधी पुरतात, आणि घट बसायच्या दिवशी उकरतात. ज्या वावरानं चिंधी खाल्ली नाही, त्याची माती देवीच्या घटाला चालत नाही. पण त्या घरच्याला कुणी टोचून बोलत नाही. घराघरातनं शेणखताची एकेक पाटी त्याच्या बांधावर जाते. तिला ठकूची पाटी म्हणतात.