अकरा जणांना जमणारी वेळ

“मग बुवा, या तिन्ही सॉफ्टवेअरांतलं कोणतं घेऊ?” निनादने लॅपटॉप बुवांच्या पुढ्यात सरकवला.

मठाची बैठक अकरा जणांची. पूर्वी ज्याची पाळी असेल त्याने घरोघर जाऊन निरोप द्यायचा. निनादने ती पायपीटच मोडीत काढली. इंजिनियर माणूस, त्याच्यापुढे बोलणार कोण! वेळ आता सॉफ्टवेअर ठरवणार, म्हणाला. दीड महिना झाला. सगळ्यांना जमेल अशी वेळ काही सापडेना, आणि बैठक काही होईना. तेच शिकून घ्यायला स्वारी दहा दिवस पुण्यात होती, ती कालच परतली.

“हे घ्या बघा. याने काढली वेळ! गुरुवारी सकाळी आठ. अकराच्या अकरा मोकळे.”

“दाजी खोतसुद्धा?”

“त्यांचं उत्तर नाही आलं. पण उत्तर नसलं की हे माणूस मोकळाच धरतं. आणि दाजींना जायचंय कुठे हो? घरीच तर असतात.”

बुवांची नजर दाजींच्या नावापुढच्या हिरव्या खुणेवर गेली.

“त्यांना बोलावून आण,” ते म्हणाले.

दाजींचं घर मठाखालच्या उतारावर. निनाद कुरकुरतच गेला.

परतला तो पांढराफटक. दारातला खांब धरून उभा राहिला.

“बुवा… अहो, दाजी गेले! आठवडा झाला म्हणे!”

“हो.”

“सूनबाई सांगत होत्या… अंथरुणावरून रोज विचारायचे, निरोप आला का गं, बैठक कधी आहे? दाराकडे डोळे लावून होते.” “पाळी माझी होती, बुवा. माझी!”

बुवांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“खांदा दिला मी.”

“आणि बाकीचे?”

“तू सोडून सगळे होते. अर्ध्या तासात जमले.”

“अर्ध्या तासात?” निनादने लॅपटॉपकडे पाहिलं. “पण… पण सगळ्यांना जमेल अशी वेळ तर दीड महिना सापडत नव्हती!”

बुवांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. दाजींच्या नावापुढे हिरवी खूण तशीच होती.

“जाताना दाजींनी कुठं कुणाला वेळ विचारली?”