परतीच्या वाडग्याची कहाणी

ऐक गे ऋतुमाये, तुझी कहाणी. बायांनो, हातात दाणे धरा. बोलणं थांबवा. पोरांना मांडीवर घ्या.

एक नगर होतं, त्याला आटपाट म्हणत. वेशीबाहेर ओढा होता. ओढ्याकाठी दोन घरं होती, एक माळ्याचं, एक कुंभाराचं. मधे काट्याकुट्यांचं कुंपण, कुंपणाला जाण्यायेण्यापुरतं एक खिंडार. माळ्याच्या घरी हौसा नावाची माळीण राहत असे. नवरा वारलेला. पदरात तीन मुलगे. मळा लहान, खाणारी तोंडं चार.

गरिबीचं तिला दुःख नव्हतं. दुःख निराळंच होतं. मुलं जेवायला बसली की भांडत. उन्हाळ्यात थोरला म्हणे, "आई, मला वालाच्या शेंगा हव्या." हिवाळ्यात मधला म्हणे, "आई, मला आंबा हवा." पावसाळ्यात धाकटा म्हणे, "आई, मला ओला हरभरा हवा." आहे ते नको, नाही ते हवं. मग हौसा काय करी? एकासाठी एक रांधी, दुसऱ्यासाठी दुसरं रांधी, तिसऱ्याची समजूत घाली. तिसऱ्याचं पान वाढेपर्यंत पहिला उठून गेलेला असे. तिची एकच इच्छा होती. चौघांनी एका पंगतीला बसावं, एका भांड्यातलं खावं, कुणी कुणाच्या पानात डोकावू नये. तेवढं काही होत नव्हतं.

एके दिवशी ती ओढ्यावर भांडी घासायला बसली. घासता घासता रडू लागली. तिथं एक म्हातारी आली. तिच्या डोक्यावर रिकामी टोपली होती.

म्हातारी म्हणाली, "बाई, बाई, भांडी घासतेस की रडतेस?"

"दोन्ही करते, आजी. रडायला वेगळा वेळ कुठं आहे?"

"मग वसा घे."

"वशाला तूप लागतं, सोनं लागतं. माझ्याजवळ दोन्ही नाही."

"नाही तेच बरं. असतं तर तुला जमलं नसतं." म्हातारीनं टोपली खाली ठेवली. म्हणाली, "ऋतू पालटला की चूल सारवावी. मळ्यात पहिलं जे येईल ते आपल्या भांड्यात घालू नये. मातीच्या वाडग्यात घालावं, शेजारणीच्या दारी न्यावं. वाडगा भरून न्यावा, भरलेला परत आणावा, आत काय आलं ते तोलू नये. मग घरी एकच भाजी रांधावी. त्या ऋतूत जे पिकत नाही त्याचं घरात नाव काढू नये."

"आणि पोरं रडली तर?"

"रडू दे. भूक लागली म्हणजे गप्प होतील."

"असं कुठवर करू?"

"ऋतू फिरतात तोवर."

मग म्हातारीनं तिच्याकडून वदवून घेतलं. हात आखडणार नाही, दार लोटणार नाही, घेतला वसा मोडणार नाही. हौसा बोलली. म्हातारीनं टोपली उचलली. ओढ्याच्या वळणापर्यंत ती दिसली. पुढं दिसली नाही.

पावसाळा लागला. बांधाला टाकळा उगवला. हौसेनं चूल सारवली, वाडगा भरला, खिंडारातून कुंभाराच्या अंगणात गेली. कुंभारणीचं नाव तान्ही. ती म्हणाली, "हौसे, इतकी वर्षं शेजार आहे. आज वाट सापडली का?"

"घे गं. वसा आहे माझा."

"वसा तुझा, भाजी माझी. झकास आहे." तान्हीनं भाजी काढून घेतली. भांडं रितं कसं द्यावं? तिनं त्यात मूठभर मीठ घातलं. हौसेनं पाहिलं नाही, तोललं नाही, घरी आणलं. मग टाकळा रांधला. पहिल्या दिवशी मुलं रडली. दुसऱ्या दिवशी रुसली. तिसऱ्या दिवशी जेवली.

मग हिवाळा आला. वालाच्या शेंगा गेल्या, मडक्यावरचं नवं झाकण आलं. मग उन्हाळा आला. कैऱ्या गेल्या, खेळायला चिंचोके आले. मुलं एका पंगतीला बसू लागली. हिवाळ्यात आंब्याचं नाव निघेना. आंबा आला की लहानथोर हरखून जात, कारण वर्षभर त्याची वाट पाहिलेली असे.

असं करता करता मुलं मोठी झाली. मळा वाढला. राजाच्या मुदपाकखान्यात हौसेची भाजी जाऊ लागली. तीन सुना आल्या. सात पानं, एक चूल, एक भाजी. हौसा आधी पंगतीकडे पाही, मग घास उचली.

एका हिवाळ्यात कुंभार खाटेला खिळला. चाक थांबलं. तान्हीच्या घरात खायला दाणा उरला नाही. त्याच दिवशी हौसा वाल घेऊन आली. तान्हीनं आत जाऊन मडकी चाचपली. मग मडकी भाजायच्या आव्यातली चाळलेली राख वाडग्यात भरली, वर पान झाकलं, बाहेर आणून दिली.

घरी थोरली सून केसर दारातच उभी होती. तिनं पान उचललं. "अगंबाई! सासूबाई, आपण वाल दिले, त्यांनी राख दिली? भांडी घासा म्हणाल्या की काय?" मधली हसली. धाकटी हसली. हौसेचं तोंड उतरलं. तिनं वाडगा उचलला, राख ओढ्यात फेकून आली. तोलायचं नव्हतं, तोललं.

वसा मोडावा असं तिच्या मनात नव्हतं. ती विचार करू लागली. तान्ही गरीब, परत काय द्यावं याची तिला पंचाईत. आपण द्रोणात नेऊ. द्रोण काही परत करावा लागत नाही. तिची पंचाईत टळेल, आपला अपमान टळेल, वसाही चालेल. हौसेला ते फार शहाणपणाचं वाटलं.

उन्हाळ्यात तिनं पळसाच्या द्रोणातून कैऱ्या नेल्या. म्हणाली, "घे तान्हे. भांडं परत करायची कटकट नको तुला."

तान्हीनं द्रोणाकडे पाहिलं. "देवळाबाहेर देतात तसं आणलंस."

"तसं नव्हे गं."

"ठेव तिथं."

पावसाळ्यात द्रोण नेला, तेव्हा तान्ही बाहेर आली नाही. द्रोण ओट्यावर राहिला, कोंबड्यांनी उधळला. हिवाळ्यात द्रोण नेला, तेव्हा कुंपणाचं खिंडार बोरीच्या फांद्यांनी बुजवलेलं होतं. हौसा म्हणाली, "नको तर नको. मी माझं केलं." आणि परत फिरली.

बाहेरची रीत घरात शिरली. केसर म्हणे तिखट हवं, मधली म्हणे गोड हवं, धाकटी म्हणे आंबट हवं. हौसा म्हणाली, "कुणी कुणासाठी अडू नका. ज्याची त्याची चूल घाला." तीन चुली झाल्या. कुणाचं कुणाला देणं राहिलं नाही, घेणं राहिलं नाही. कुणी कुणाच्या दारात येईना. हौसा पाळीपाळीनं जेवू लागली. थोरलीकडे जेवली की मधली विचारी, "काय काय केलं होतं?" मधलीकडे जेवली की धाकटी म्हणे, "तिथं दोनदा वाढून घेता म्हणे." ज्या पंगतीसाठी वसा घेतला ती पंगत गेली. तिच्या पानात डोकावणारे तेवढे वाढले.

मळ्याचंही तेच झालं. एक चूल होती तेव्हा हौसा त्या चुलीची राख बियाण्यात कालवी, म्हणजे किडा लागत नसे. आता चुली तीन. थोरलीला वाटे मधलीनं राख घातली, मधलीला वाटे धाकटीनं घातली. कुणीच घातली नाही. बियाण्यात किडा पडला. पाऊस आला, पेरणी झाली, उगवलं काही नाही. मुदपाकखान्यानं दुसरा माळी पाहिला. तीन भाऊ तीन दारांत बसून एकमेकांना दोष देऊ लागले.

हौसा उठली. कुणाला सांगितलं नाही. म्हातारीला शोधत निघाली.

जाता जाता एका उंबराखाली तीन बाया बसलेल्या दिसल्या. एकीचं लुगडं ओलं होतं. एकीनं घोंगडी पांघरली होती. एकीचं तोंड उन्हानं रापलं होतं. तिघींच्या मांडीवर एकेक वाळका द्रोण होता.

हौसेनं विचारलं, "बायांनो, हे काय?"

ओली म्हणाली, "तुझंच आहे. पावसाळ्यातलं."

घोंगडीवाली म्हणाली, "तुझंच आहे. हिवाळ्यातलं."

रापलेली म्हणाली, "तुझंच आहे. उन्हाळ्यातलं. आम्हाला परत द्यायचं होतं. कशात घालून द्यावं? भांडं कुठं होतं? तू नुसती देत गेलीस आणि निघून गेलीस."

"मी तर द्यायचं चुकवलं नाही."

"घ्यायचं चुकवलंस. घेणारीलाही हात असतात, बाई. ते बांधून ठेवलेस."

हौसा म्हणाली, "मग आता काय करू?"

ओली म्हणाली, "शेजार आमच्याकडे नाही. घरी जा."

हौसा घरी आली. वाडगा शोधला. चुलीपाशी नव्हता, फडताळात नव्हता. कोंबड्यांना पाणी ठेवायला अंगणात होता. तिनं तो ओढ्यावर नेऊन घासला. पण त्यात घालायचं काय? मळ्यात काडी नाही, घरात तिचं स्वतःचं काही नाही. रिता न्यावा तर वसा मोडतो. न न्यावा तर तो मोडलेलाच आहे. ती रिता वाडगा घेऊन निघाली. कुंपणाच्या बोरीच्या फांद्या हातानं उपसल्या. हात रक्ताळले. कुंभाराच्या अंगणात जाऊन उभी राहिली. कुंभार बरा होऊन चाकावर बसला होता. तान्ही माती तुडवत होती.

तान्ही म्हणाली, "आज पळसाला पानं नव्हती वाटतं?"

"होती."

"वाडग्यात काय आहे?"

"काही नाही."

"मग आलीस कशाला?"

"मागायला."

तान्हीचे पाय थांबले. "तुला मागता येतं?"

"आजच शिकले."

"राख दिली तर घेशील?"

"घेईन."

"तोंड वाकडं करशील."

"करीन. पण घेईन."

कुंभार चाकावरून म्हणाला, "दे गं, किती तासशील तिला." तान्ही आत गेली. मडकं आणलं, वाडगा राखेनं काठोकाठ भरला. म्हणाली, "इथंच हात घाल. घरी नेऊन सुनांना उघडायला देऊ नको."

हौसेनं राखेत हात घातला. हाताला दाणे लागले. वालाचे, घेवड्याचे, भेंडीचे. किडा नाही, भोक नाही.

"तुझेच आहेत," तान्ही म्हणाली. "वर्षानुवर्षं आणत होतीस. जून शेंग निघाली की बाजूला ठेवत होते. मळा नाही आम्हाला, पण बी फेकवत नाही."

हौसेनं विचारलं, "तान्हे, त्या हिवाळ्यात राख दिलीस, त्यातही होते?"

"होते. घरात तेवढंच होतं द्यायला."

हौसेनं वाडगा पदराखाली घेतला आणि ती घरी आली. तिन्ही मुलांना हाक मारली. बी टोकलं. या वेळी उगवलं. भेंडी लागली.

पहिला वाडगा तान्हीकडे गेला, त्यात मीठ आलं. दुसरा वाडगा हौसेनं केसरच्या चुलीपाशी ठेवला. "ही भेंडी. वाडगा परत कर." केसर गडबडली. रितं भांडं सासूला कसं द्यावं? तिनं दोन भाकरी घातल्या. हौसेनं त्या मधलीच्या चुलीपाशी नेल्या. मधलीनं भाकरी काढल्या, आमटी ओतली. आमटी धाकटीकडे गेली. धाकटीनं ताक भरलं. ते केसरकडे आलं. असं दुसऱ्या दिवशी झालं, तिसऱ्या दिवशी झालं. मग केसरच वैतागली. म्हणाली, "सासूबाई, वाडगा फिरवता फिरवता अन्न निवतं. त्यापेक्षा एकत्रच रांधू या की."

"मी म्हटलं नाही हं," हौसा म्हणाली.

धाकटीची चूल त्या दिवशी विझली. मधली आणि तिचा नवरा एक ऋतू वेगळेच जेवले. कुणी बोलावलं नाही, कुणी टोचलं नाही. वाडगा मात्र रोज जात राहिला. हिवाळ्याच्या तोंडाशी मधला आपणच पाट घेऊन आला, मागून त्याची बायको भांडं घेऊन आली. सात पानं मांडली गेली. भाजी एक होती. वाल होते.

सुनांनी विचारलं, "सासूबाई, वसा तो काय? आम्हालाही सांगा."

हौसा म्हणाली, "मोठं काही नाही. ज्या ऋतूत बसलोय त्यातलं खावं. जास्तीचं जमवू नये, कमी पडलं तर लाजू नये. पोरांना हवं ते दर वेळी देऊ नये. वाट बघायला शिकवावं, तेवढंच त्यांच्या कामी येतं. दुसऱ्याला द्यावं, आणि त्याला परत द्यायला जागा ठेवावी. मी देणं शिकले लवकर, घेणं शिकायला केस पिकले. तुम्ही आधी घेणं शिका." एवढं बोलली आणि जेवायला लागली.

कुंपणाचं खिंडार तेव्हापासून कुणी बुजवलं नाही. तिथं पायवाट पडली, गवतदेखील उगवत नाही.

ऋतुमाय हौसेवर रुसली, मग प्रसन्न झाली. तशी तुम्हाआम्हाला रुसल्यावाचून प्रसन्न होवो. तुमच्या चुलीला एक भांडं, घराला एक पंगत, कुंपणाला एक वाट राहो. वाडगा भरून जावो, भरून येवो. दाणे आता वाडग्यात टाका, शेजारणीच्या हाती द्या. साठ गोष्टींची ही कहाणी पाच बोटांच्या मुठीत मावली, फळाला आली, इथं पुरी झाली.