सरांचं ताट

"भुकेबद्दल जगात कुणीही काहीही विचारावं, उत्तर माझ्या खिशात आहे!" डॉ. कोंडूसकर दारातूनच गरजले. मग चपला काढता काढता हळूच म्हणाले, "फक्त आमचे सर का जेवत नाहीत, तेवढं सोडून."

सरांच्या सुनेला, वृंदाला, हसावं की रडावं कळेना.

हे डॉक्टर सुई टोचणारे नव्हेत. उंदराच्या मांडीवर मांस कशानं चढतं, कशानं झडतं, त्याची भूक कुठं दडून बसते, असल्या चौकशा करण्यात यांचे केस गेले. देशोदेशी भाषणं झाली. शाली इतक्या मिळाल्या, की बायको त्यांची पायपुसणी शिवायच्या बेतात होती.

आणि हे सगळं ज्यांच्यामुळे, ते हर्डीकर सर मिरजेच्या या घरात, आतल्या खोलीत, भरल्या ताटापुढे बसून होते.

कोंडूसकर म्हणजे एके काळी तालमीत घुमणारं आणि परीक्षेत आपटणारं पोर. सरांनी त्याचा दंड दाबून विचारलं होतं, "हा फुगतो कशानं रे?" पोराला सांगता येईना. ते शोधता शोधता पोराच्या जन्माचं सोनं झालं.

आता त्याच सरांच्या मांड्यांच्या काटक्या झाल्या होत्या. तापातून उठले, पण खाणं आटलं ते आटलंच. असंच चाललं तर ते अंथरुणातून उठायचे नाहीत, हे कोंडूसकरांपेक्षा जास्त कुणाला कळणार?

म्हणून तर फोनवरून त्यांनीच सगळी व्यवस्था लावली होती. सरांना वेगळी खोली. जेवताना कुणी बोलायचं नाही. ताट आधी वजनकाट्यावर, मग सरांपुढे, मग पुन्हा काट्यावर.

"काल किती गेलं पोटात?"

"जेवढं नेलं तेवढंच परत आलं, काका."

कोंडूसकर आत जाऊन सरांच्या पायाशी बसले.

"सर, दोन घास."

सरांनी ताट बाजूला सारलं.

"बाहेरून मिळालं नाही की शरीर स्वतःचेच स्नायू खातं. तुम्हीच शिकवलंत ना?"

"आणखी काय शिकवलं?"

"सगळंच."

"उंदीर कसे ठेवायचे?"

"एका पिंजऱ्यात एक!" कोंडूसकरांना वर्गात पहिला आल्यासारखं वाटलं. "दोन ठेवले की कुणी किती खाल्लं, कळत नाही."

"हं..."

सरांनी खोलीभर नजर फिरवली. एक खाट. एक खुर्ची. एक ताट. दाराशी वजनकाटा.

नजरेमागून कोंडूसकरांचीही नजर फिरली... आणि तोंड उघडलं ते मिटेना. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण त्या घडीला पेढा हिसकावलेल्या पोरासारखा दिसला.

सरांनी हात पुढे केला.

"उठव."

कोंडूसकरांनी उठवलं. भिंतीला धरत, थांबत थांबत, सर स्वयंपाकघरात पोचले. वृंदा भाकरी थापत होती. वांगं भाजल्याचा वास भरून राहिला होता. सर पाटावर टेकले.

"याला वाढ," सर म्हणाले. "प्रवासातून आलाय."

"आणि तुम्हाला, बाबा?"

"मला भूक नाही."

कोंडूसकरांपुढे ताट आलं. सरांची आज्ञा मोडायची कशी? पहिला घास घेतला. दुसरा घेतला. भरीत असं काही जमलं होतं, की तिसऱ्या घासाला पठ्ठ्या मांडी घालून नीट बसला.

सर बघत होते.

मग त्यांचा हात पुढे आला. कोंडूसकरांच्या भाकरीचा तुकडा मोडला, भरितात बुडवला आणि तोंडात टाकला.

वृंदाचा हात परातीतच थांबला.

दुसरा तुकडा... तिसरा. सर मिश्या पुसत होते, पुन्हा हात घालत होते.

"काका, काटा आणू?" वृंदानं कुजबुजत विचारलं.

"कशाला? एका ताटात दोघं." कोंडूसकर हसायला गेले आणि डोळेच भरून आले. एका हातानं डोळे पुसावेत, दुसरा ताटात तसाच, अशी त्यांची गत.

"सर... तेव्हा तुम्ही दंड दाबलात, आज हे. तुमचे उपकार मी फेडू तरी कसे?"

"उपकारांचं नंतर बघू," सर घास चावत म्हणाले. "आधी तो हात आवर. भरीत संपत आलंय."