जाळीतला कापूस

बंद पडलेलं पुन्हा सुरू व्हायला किती वेळ थांबायचं? एका गावात तुळशा नावाचा एक भोळा होता, त्यानं हे सगळ्यांना विचारलं. गाव शहाणं होतं. कुणीच उत्तर दिलं नाही.

तुळशाचा थोरला भाऊ किसनदादा. त्याचं हृदय थकलं होतं. डॉक्टर म्हणाले, "उन्हाळा सोसणार नाही. गारव्यात ठेवा." म्हणून खोलीत एसी बसला. खोलीच्या अर्ध्या भागात न विकलेल्या कापसाचा ढीग होता, तो तिथंच राहिला. गावाला लगेच दादाची काळजी वाटू लागली. विचारपूस करायला सगळे भर दुपारीच यायचे.

एसी बसवणारे शकूरभाई म्हणाले, "आतली कॉइल खोलीतली उष्णता उचलते, बाहेरची कॉइल ती बाहेर फेकते. बाहेरच्या डब्याला ऊन लागू देऊ नका."

तुळशानं डब्याला गोधडी गुंडाळली. वरून दोरी आवळली. एसी तापून बंद पडला.

शकूरभाई धावत आले. "अरे येड्या, त्याला वारा नको का? तापलेल्याच्या अंगावर काही ठेवायचं नाही!"

"बरं," तुळशा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वहिनीचे वडील उन्हातून आले. "लय तापलो बाप्पा!" म्हणाले. तुळशानं त्यांचं उपरणं काढलं. सदरा काढला. मग धोतराला हात घातला. पाहुणे थेट एसटी स्टँडवर जाऊन थांबले.

पुढं एसीतून वारा येईना. तुळशानं झाकण उघडलं, तर आतल्या कॉइलवर पांढरा बर्फ.

"दादा, मशीन तर बर्फ पाडायला लागलं!"

त्यानं उलथन्यानं बर्फ खरवडला आणि विचारपूस करणाऱ्यांना गार सरबत पाजलं. दादाची तब्येत विचारायची राहून गेली, पण दुसरा ग्लास सगळ्यांनी मागितला.

शकूरभाईंनी कपाळावर हात मारला. "बर्फ म्हणजे जास्त गारवा नाही, बिघाड! एसीच्या जाळीत कापूस बसलाय. हवा अडली की कॉइलला खोलीची ऊब मिळत नाही, मग ती गोठते. बर्फ दिसला की बंद करायचं. खरवडायचं नाही. कापूस काढायचा, वारा लागू द्यायचा, थांबायचं. वितळलं की होतं सुरू."

"किती वेळ थांबायचं?"

शकूरभाईंनी फटफटीला किक मारली होती.

तेवढ्यात दारात कुल्फीवाला आला. त्यानं डब्याचं झाकण उघडलं. आत सगळा बर्फच बर्फ. तुळशानं गाडी उन्हात ओढली आणि सूप घेऊन वारा घालायला लागला.

"घाबरू नका. वितळलं की होतं सुरू."

कुल्फीवाल्यानं गल्ली डोक्यावर घेतली. आत दादा खोकला येईपर्यंत हसला. "याला अजून काहीतरी शिकवा रे कुणी," तो म्हणाला. "मला तेवढंच औषध लागू पडतंय."

उन्हाळा संपायच्या आत दादा गेला. एसी चालू होता. जाळी स्वच्छ होती. दादाच बंद पडला.

दोघांची बहीण सुरतेहून निघाली होती. शहाण्यांनी ठरवलं, ती येईपर्यंत दादाला बर्फात ठेवू. लाद्या आणल्या. दादाला मधोमध निजवलं. रीतीप्रमाणे नाकात कापूस घातला. मग सगळे शेजारच्या ओट्यावर चहाला गेले.

"तुळशा, तू बस इथं. नीट लक्ष ठेव."

तुळशानं नीट लक्ष ठेवलं. चारी बाजूंनी बर्फ. नाकात कापूस. हवा अडलेली.

चहा पिऊन मंडळी आली, तेव्हा लाद्या अंगणात उन्हात वितळत होत्या.

"अरे मूर्खा, हे काय केलंस?"

"खरवडलं नाही," तुळशा म्हणाला. त्यानं मूठ उघडून दाखवली. "कापूस काढलाय. आता किती वेळ थांबायचं?"



तुळशानं सूप उचललं आणि दादाला वारा घालायला बसला.