लव्हाळ्यातलं घुंगरू

त्या मुलखात अंडी कोंबड्या उबवायच्या आणि पिल्लं मात्र बदकांची निघायची. असं का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पिल्लं डोळे उघडले रे उघडले की तळ्याकडे धावायची, आणि पाण्याला भिणाऱ्या आया काठावर जीव मुठीत धरून बसायच्या.

मग रीतच पडली, पिल्लाच्या पायात घुंगरू बांधायचं. वाजतंय ना, मग पोर काठाजवळ आहे, सुखरूप आहे. कवडी नावाच्या कोंबडीनेही आपल्या थेंबीला ते बांधलं आणि निवांत दाणे टिपू लागली.

तळ्यावर सदा पांढुरकं धुकं असायचं. त्या धुक्यात थेंबीला एक आवाज भेटला, अगदी पिल्लासारखा, गोड. "माझ्या मागे ये ना," तो म्हणाला, "पण ते घुंगरू नको बाई. आईला कशाला कळायला हवं?" थेंबीने घुंगरू सोडून लव्हाळ्याला बांधलं. वाऱ्यावर ते छान वाजत राहिलं.

आवाजाने एक पीस मागितलं, आठवण म्हणून. तिने दिलं. दुसऱ्या दिवशी त्याने आणखी एक मागितलं आणि म्हणाला, "नाहीतर कालच्या पिसाचं आईला सांगेन." मेला कसला मित्र! रोज एक पीस जाऊ लागलं. पिसांवाचून आपण बुडणार, हे थेंबीला कळत होतं. पण आईला सांगितलं तर तळंच बंद होणार, हेही कळत होतं.

एका संध्याकाळी कवडीने तिला पंखाखाली घेतलं, तर पोरीचं अंग जागोजाग उघडं, गारठलेलं. "अगं बाई, पिसं कुठं गेली तुझी?" आधी ती खूप ओरडली. मग पोरीचं थरथरणं थांबेना, तेव्हा गप्प झाली. थेंबीने रडत रडत सगळं सांगितलं.

सकाळी आवाजाने विचारलं, "एकटीच आलीस ना?"

"नाही," कवडी म्हणाली. ती छातीपर्यंत पाण्यात होती, पंख भिजलेले, भीतीने अर्धमेली. पण उभी होती. धुक्यात काहीतरी जड डुबकन खाली गेलं आणि आवाज थांबला.

"आई, घाबरू नकोस, मी आहे ना," थेंबी म्हणाली.

परत फिरताना कवडीने पहिल्यांदाच पाण्याच्या बाजूने काठाकडे पाहिलं. लव्हाळ्याच्या पात्यापात्याला एकेक घुंगरू बांधलेलं होतं. सगळी मंजुळ वाजत होती, आणि काठावर आया माना डोलवत निवांत दाणे टिपत होत्या.