शेकलेले हात

“...सात गावांची बाळंतपणं, तीन एकर कोरडवाहू, दारात दोन शेरडं, वर रोजचं दळण. आणि दिवस तर तुलाही साठ घटकांचाच. मग वेळ पुरतो कसा, बाई?”

अच्युतशास्त्री ओट्याच्या कडेला उभे राहून विचारत होते. बसायला घोंगडी अंथरली होती, पण बसलं की उठण्यात वेळ जातो, म्हणून ते सहसा बसत नसत.

साळूआजी तूर पाखडत होती. सूप थांबलं नाही.

“बसा की,” ती म्हणाली.

“उत्तर मिळालं की निघायचंय मला.”

“मग उत्तर तरी बसून घ्या.”

शास्त्री बसले नाहीत.

कसब्यात त्यांचं नाव मोठं होतं. सकाळच्या पाच घटकांत ते साठ रोगी उरकत. मनगटावर तीन बोटं टेकली, की रोग्यानं तोंड उघडायच्या आत पुडी बांधून तयार. शास्त्रीबुवांना काही सांगावं लागत नाही, असं लोक म्हणत. ते ऐकायला शास्त्रीबुवांना आवडे. दुपारी शिष्यांचा पाठ असे. संध्याकाळी नाडीपरीक्षेवरचा ग्रंथ पुढ्यात घ्यायचे, पण तो नऊ वर्षं चौथ्या अध्यायावरच अडला होता.

वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले होते. शास्त्रींना एकावन्न लागलं होतं.

कुठं वाट बघत थांबावं लागलं, की ते आपल्याच मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजत. लोकांना ती वैद्याची सवय वाटे. खरं तर ती भीती होती.

साळूआजीचं नाव त्यांनी एका रोग्याच्या तोंडून ऐकलं. सात गावांत असं घर नव्हतं, की जिथलं एक तरी माणूस तिच्या हातांत पहिल्यांदा रडलं नव्हतं. ती म्हातारी कधी धावताना दिसली नाही आणि कधी उशिरा पोचली नाही, असं तो सांगत होता. यात काहीतरी युक्ती असणार, असं शास्त्रींनी ताडलं. ती कळली, की ग्रंथ पुरा होईल. म्हणून आजच्या रोग्यांना दुपारी यायचा निरोप ठेवून ते भल्या सकाळी तट्टावर बसले होते.

साळूआजीनं सूप खाली ठेवलं. आता ती बोलणार, असं वाटलं...

तेवढ्यात एक माणूस धापा टाकत अंगणात आला. जांभळवाडीचा होता. बायकोची पहिली खेप, रात्रीपासून कळा देतेय, पोर आडवं आहे असं शेजारणी म्हणतात. त्याचं बोलणं संपतंय तोच कुंपणापाशी दुसरा उभा राहिला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. हा सोनखेडचा धनगर. त्याच्याही बायकोला पहाटे कळा सुरू झाल्या होत्या.

“कितवी खेप?” साळूआजीनं धनगराला विचारलं.

“तिसरी.”

“पाणी गेलं?”

“न्हाई अजून.”

“मग तिला हिंडती ठेव. ऊन पाणी पाज. मी येईस्तोवर कुणी हात लावायचा न्हाई.”

धनगर गेला. शास्त्रींच्या मनात आलं, बरं झालं. दोन गावं, दोन बायका आणि ही एकटी. आता युक्ती डोळ्यांनीच बघायला मिळेल.

“तट्टावर बस, बाई. लवकर पोचशील.”

“नको. धक्क्यानं हात थरथरत राहतात माझे. तुम्ही बसा.”

म्हातारीनं चालायचं आणि आपण वर बसायचं, हे काही शास्त्रींना जमेना. लगाम हातात धरून तेही पायीच निघाले. ते दोनदा पुढं गेले आणि दोनदा थांबून राहिले. साळूआजी आपल्या चालीनं येत होती. रेंगाळत नव्हती, पळतही नव्हती.

जांभळवाडीच्या घरात बाई विव्हळत होती. आवाज अंगणापर्यंत येत होता. साळूआजीनं पाय धुतले, हात राखेनं घासले आणि आत जाऊन चुलीपुढं बसली. दोन्ही तळवे विस्तवासमोर धरले.

पौषातली थंडी होती. शास्त्री ओसरीवर उभे होते. बोटं आपसूक मनगटावर गेली. शंभर ठोके झाले. दोनशे झाले... तीनशे.

त्यांना राहवेना. “बाई, तिकडं ती तळमळतेय. आणि तू शेकत बसलीस?”

“हात गार हायेत.”

“सोनखेडची पण वाट बघतेय.”

“व्हय.”

तिनं हात उलटे केले. मागची बाजूही शेकली. मग उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटलं.

आतून तिचा आवाज ऐकू येत होता. माहेर कुठलं, बहिणी किती, थोरलीला कुठं दिली. ती पोरगी कळांच्या मधल्या उसंतीत उत्तरं देत होती. एकदा तर हसलीही. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही...

अंगणातल्या तुळशीवर ऊन आलं तेव्हा आत मूल रडलं.

साळूआजी बाहेर येऊन हात धुऊ लागली. शास्त्रींनी विचारलं, “आडवं होतं?”

“होतं. फिरलं.”

“फिरलं कसं?”

“गार हात लागला की अंग आकसतं. आकसल्या पोटात पोर फिरत न्हाई. मग दिवस जातो.” तिनं हात पदराला पुसले. “कधी बाई बी जाते.”

शास्त्रींनी आपल्या बोटांकडं पाहिलं. इतक्या वर्षांत हजारो मनगटं धरली, पण आपली बोटं गार आहेत की ऊन, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

घरच्यांनी भाकरी आणि पिठलं आणून ठेवलं. साळूआजी मांडी घालून बसली. तिनं भाकरी मोडली आणि सावकाश खायला लागली.

“आता तरी चल,” शास्त्री म्हणाले. आवाज चढला होता, पण मघाइतका नाही.

“पोटात नसलं की नाळेची गाठ सैल पडते, शास्त्रीबुवा.”

तिनं सगळी भाकरी खाल्ली. पाणी प्यायली. मगच उठली.

सोनखेडला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. धनगराची बायको अंगणात फेऱ्या घालत होती. साळूआजीनं तिच्या पोटावर हात ठेवला, थोडा वेळ डोळे मिटले आणि म्हणाली, “अजून येळ हाय. चल, मी पण हिंडते तुझ्यासंगं.” दोघी अंगणात चालू लागल्या. कळ आली, की बाई तिच्या गळ्याला मिठी मारायची. साळूआजी खांबासारखी उभी राहायची. कळ गेली, की पुन्हा फेऱ्या.

शास्त्री लिंबाखाली बसले. आज मात्र बसले. एव्हाना कसब्यात रोगी ओट्यावर जमले असतील. मग शिष्य पोथ्या सोडून बसतील, आणि उठून जातील. निघावं, असं त्यांना तीनदा वाटलं. तीनदा ते अंगणाकडं बघत राहिले. ती म्हातारी त्या बाईबरोबर अशी चालत होती, जणू जगात दुसरं गाव नव्हतं, दुसरं बाळंतपण नव्हतं, घरी पाखडायची तूर नव्हती. अशी माणसं शास्त्रींनी पोथ्यांत वाचली होती. प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघत होते.

भिंतीच्या कडेला गोधडीत एक म्हातारी पोट धरून बसली होती. धनगराची आई. शास्त्रींना काही काम नव्हतं. ते उठून तिच्यापाशी गेले.

“हात बघू.”

तिनं हात पुढं केला. शास्त्रींनी तळवे एकमेकांवर चोळले आणि मग तीन बोटं टेकवली. वात. पुडी ठरलेली. बोटं उचलायची वेळ झाली...

पण उचलून जायचं कुठं? मागं रांग नव्हती. बोटं तिथंच राहिली.

“कधीपासून दुखतंय, मावशी?”

“लई दिस झाले. कसब्याच्या शास्त्र्यांस्नी दाखवलं की. चार येळा गेले. चारदा पुडी दिली.”

“त्यांना काय सांगितलंत?”

“सांगावं लागत न्हाई त्यास्नी. हात धरला की कळतं.”

हे ती अभिमानानं सांगत होती. शास्त्रींनी मान खाली घातली. सोनखेड ते कसबा चार कोस. जाऊन येऊन आठ. पोट धरून ही म्हातारी बत्तीस कोस चालली होती. चार खेपांत तिला आपलं पागोटं तेवढं दिसलं होतं. आणि आपल्याला तिचं मनगट.

“आज सकाळी काय खाल्लंत?”

म्हातारीनं पदर तोंडावर धरला. “भाकरी.”

“चावून?”

तिनं सुनेकडं एक नजर टाकली. मग हळूच पदर बाजूला केला आणि तोंड उघडलं. खालच्या हिरडीत एकच दात होता.

“तशीच गिळते,” ती कुजबुजली. “सुनेला दिस भरलेले. तिला निराळं रांधायला कसं सांगू?”

शास्त्रींनी हात सोडला नाही. किती वेळ धरून होते, ते त्यांनी मोजलं नाही.

मग त्यांनी धनगराला हाक मारली. “आईला आजपासून कण्या द्या. ताकात शिजवून, मऊ करून. पुडी बंद.”

“एवढंच?”

“एवढंच.”

बाळंतपणासाठी सकाळीच आलेल्या बहिणीला सांगायला धनगर आत गेला. शास्त्री पुन्हा म्हातारीसमोर बसले.

“मावशी, कसब्याचा तो शास्त्री... मीच.”

म्हातारीनं डोळे बारीक केले. कपाळापासून हनुवटीपर्यंत त्यांना नीट न्याहाळलं.

“असे दिसता व्हय तुम्ही,” ती म्हणाली. त्यात राग नव्हता. नवल होतं.

दुसऱ्या कुणी हे वाक्य कसब्यात, चार लोकांत उच्चारलं असतं, तर शास्त्रींनी हसून सोडून दिलं असतं. इथं ते त्यांना सोडून देता आलं नाही. ते लिंबाखाली परत गेले आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले.

ऊन कलायला लागल्यावर साळूआजी त्या बाईला घेऊन आत गेली. दोन पोरांच्या पाठीवर मुलगी झाली. बाळंतीण सुखरूप होती. मघाची म्हातारी वाटीतल्या ऊन कण्या बोटांनी चाटत होती आणि नातीला बघायचं म्हणून उठायची घाई करत होती. साळूआजी तिला म्हणाली, “आधी वाटी पुरी कर.”

परतताना दोघं बरोबर चालत होती. तट्टू मागून येत होतं. साळूआजी दुपारभर उभी होती, पण तिच्या चालीत फरक नव्हता. वाटेत बोरीचं झाड लागलं. तिनं चार बोरं तोडली. दोन त्यांना दिली.

गावाच्या फाट्यावर शास्त्री थांबले. इथून त्यांची वाट वेगळी होती. तोंडातल्या बोराची बी त्यांनी बाजूला टाकली. मग अपराध कबूल करावा तसं ते म्हणाले,

“ओट्यावरून साठ माणसं परत गेली असतील आज. पाठ बुडाला. ग्रंथाची एक ओळ झाली नाही. अख्ख्या दिवसात मी एकच रोगी बघितला, आजी...”

साळूआजीनं वळून त्यांच्याकडं पाहिलं.

“बघितला ना?”