कोरफडीचा मधला कोंब

झाडं आणि जनावरं एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट.

एका उन्हाळ्यात माळावर वणवा पेटला आणि साळू साळिंदरीचे पंजे भाजले. ती विव्हळत कोरफडीपाशी आली. साऱ्या माळावर तेवढी एकच हिरवी उरली होती.

“माझं पान मोड आणि गर लाव,” कोरफड म्हणाली.

“तुझ्या काट्यांना भिऊन मी कधी जवळ आले नाही. तरी देतेस?”

“काटे खाणाऱ्यांसाठी आहेत गं, भाजलेल्यांसाठी नाहीत.”

साळूने पान मोडून पंजाखाली धरलं आणि गार गर लागताच तिची आग शमली. मग ससा आला, भेकर आलं, घोरपड आली. कोरफडीने प्रत्येकाला पान दिलं. मधला कोवळा कोंब तेवढा राहिला, तेव्हा नाक पोळलेलं रानडुक्कर आलं.

“हा कोंब घे,” कोरफड थकून म्हणाली.

साळू काटे फुलवून आडवी आली. “कोंब गेला तर ही मरेल!”

“मग मी काय करू?” डुकराच्या डोळ्यांत पाणी आलं.

साळूने आपल्या पंजाखालचं पान ओढून काढलं. पंजा पुन्हा चुरचुरला. तिने ते पान डुकराच्या नाकावर हलकेच चोळलं. ते पाहून भेकराने आणि सशानेही आपापली पानं पुढे केली.